खाल्लेलं अंगी लागत नाही तेव्हा: कॅन्सरच्या रुग्णाच्या घरात जंतांचा तपास कसा करावा

दादाचं वजन तीन महिन्यांत ६१ किलोवरून ५३ वर आलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. वहिनी म्हणायच्या, शेक (रेडिएशन) चाललाय, तोंडात फोड आलेत, दुसरं काय होणार. पुतण्या म्हणायचा, केमो आहे ती. दांडिया बाजारातल्या मावशींनी दृष्ट काढायला मीठ-मोहरी पाठवली. बडोद्यातल्या एका लॅबमध्ये बत्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी लोकांची शौच तपासली, पण सख्ख्या भावाची एक स्लाइड बघावी हे मला कित्येक आठवडे सुचलं नाही.

शेवटी जे सापडलं ते होतं जिआर्डिया. मुलांच्या पोटदुखीत सापडतो तोच, अगदी ओळखीचा, डोळ्यांना न दिसणारा एकपेशी परजीवी. त्यावर औषध आहे आणि ते महागही नाही. ज्यांच्या घरात गालाचा, जठराचा, स्तनाचा, रक्ताचा, कुठलाही कॅन्सर आहे आणि ‘खातोय पण अंगी लागत नाही’ हे वाक्य रोज कानावर पडतंय, त्यांनी काय करावं ते इथे क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. कॅन्सरचा माणूस हडकतो तो बहुतेक वेळा कॅन्सरमुळेच. आजारानं शरीरात जो दाह चालू असतो तो स्नायू झिजवत राहतो, भूक मारतो, आणि नुसतं जास्त खाऊ घालून ती झीज पूर्ण भरून येत नाही. माठाला दोन तडे असावेत आणि त्यातला एक बुजवणं आपल्या हातात नसावं, तसं हे आहे. जंतांचा तडा मात्र बुजवता येतो. तो आहे की नाही, हे तरी बघायला हवं.

वजन आणि वही

काटा एकच ठेवा. आठवड्यातून एकदा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर ते गंभीर मानतात. ६१ किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. आमच्याकडे आठ उतरेपर्यंत आम्ही ‘होतं असं’ म्हणत होतो.

पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. तेव्हा कानशिलं बघा, गळ्याची हाडं बघा, बाई असेल तर बांगड्या कुठवर चढतात ते बघा. दादाच्या घड्याळाच्या पट्ट्याला वहिनींनी दाभणानं दोनदा नवीन भोक पाडलं होतं. तीही नोंदच होती, पण ती कोणी वहीत लिहिली नाही.

वहीचं एक पान ‘आत’ आणि समोरचं पान ‘बाहेर’ असं ठेवा. आत काय आणि किती गेलं, बाहेर काय, किती वेळा आणि कसं पडलं. चार-पाच दिवसांत चित्र स्पष्ट होतं. घासच जात नसेल, म्हणजे तोंड सोललेलं, चव गेलेली, मळमळ, गिळताना दुखणं असं असेल, तर तो प्रश्न आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडे न्या. मात्र पुरेसं आत जाऊनही वजन उतरत असेल, तर पुढचं वाचा.

बाहेर काय पडतंय ते बघायला लाजू नका

जिआर्डिया लहान आतड्याच्या वरच्या भागात चिकटून बसतो आणि तिथे स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. त्यामुळे शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी आणि भयंकर घाण वासाची होते. पोट डब्ब, गुडगुड, सडक्या अंड्यासारखे ढेकर. दूध प्यायलं की जास्तच. ताप बहुधा नसतो, रक्त पडत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो.

आव आणि रक्त पडत असेल, कळ येऊन थोडं थोडं होत असेल, तर अमीबाची शंका. दिवसात आठ-दहा वेळा नुसतं पाण्यासारखं होत असेल आणि आठवडे उलटूनही थांबत नसेल, तर क्रिप्टोस्पोरिडियम आणि त्याची भावंडं. रोगप्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला ती सोडत नाहीत. हुकवर्म, म्हणजे आकडेकृमी, मात्र पोट फारसं बिघडवतच नाही. तो आतड्याला चावून रक्त पितो. त्याची एक जात रोज एका कृमीमागे ०.१५ मिलिलिटरच्या आसपास रक्त खाते. शंभर कृमी असले तर रोज १५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन छोटे चमचे. रुग्ण पांढराफटक पडतो आणि सगळे म्हणतात, केमोनं रक्त कमी झालं.

अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण कॅन्सरच्या उपचारांनीही होतं. फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबीन, इरिनोटेकॅन या केमोच्या औषधांनी जुलाब होतात. पोटावरच्या शेकानं होतात. अँटिबायोटिक्सनंतर मोठ्या आतड्यात वेगळेच जंतू माजून होतात. स्वादुपिंडाच्या आजारात पाचकरस कमी पडून शौच अशीच तेलकट होते. लक्षणांवरून घरी निदान करायचं नाहीच, तपासणी मागण्यापुरती शंका घ्यायची.

दादाच्या नळीची गोष्ट

दादाचं गालाचं ऑपरेशन २०२४ च्या जुलैमध्ये झालं. चाळीस वर्षं तंबाखूचा मावा खाल्ला होता, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, काठच्या किती सोसायट्यांत पाणी शिरलं ते बडोदेकरांना सांगायला नको. दादाच्या बिल्डिंगची जमिनीखालची टाकी बुडाली. पाणी ओसरल्यावर ती एकदा उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली आणि विषय संपला. सप्टेंबरच्या मध्याला शेक आणि आठवड्याची केमो सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात गिळता येईना, नाकातून नळी बसली.

आता बघा, नळी बसल्यावर ‘जेवण जात नाही’ हे कारणच उरत नव्हतं. वहिनी मोजून मापून घालत होत्या: दर तीन तासांनी २०० मिलिलिटर, दुधात प्रोटीन पावडर, केळं, रव्याची पेज, वरून चमचाभर तूप. उलटी नाही. तरी काटा खालीच. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ. वहिनींनी तूप वाढवलं, शौच आणखी तरंगू लागली. हे मला त्यांनी डिसेंबरात, तेही नळ सोडून कुजबुजत सांगितलं: ‘वन्सं, पाणी कितीही टाका, जातच नाही हो ते.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मग मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहून एक फीड होताना पाहिलं. दूध उकळलेलं. पावडर कालवायचं पाणी उकळलेलं. पिंप झाकलेलं. शेवटी नळी स्वच्छ राहावी म्हणून वहिनींनी मोठ्या सिरिंजमध्ये ५० मिलिलिटर पाणी ओढलं आणि सोडलं. ते पाणी बेसिनच्या नळाचं होतं. दिवसाला आठ फीड, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर. ‘ते तर नळी धुवायचं पाणी,’ वहिनी म्हणाल्या, ‘पिण्याचं थोडंच?’

जिआर्डिया त्याच पाण्यातून आला हे मला सिद्ध करता येणार नाही. ऑपरेशनच्या आधी दादा सेव-उसळीवर कच्चा कांदा आणि हिरव्या लसणाची चटणी घालून हादडत होताच. पण ज्यांच्या घरी नळी आहे त्यांनी आज आधी एवढं बघावं: नळीतून जाणारा प्रत्येक थेंब उकळून गार केलेला असतो का? गोळ्या कुटून विरघळवतात ते पाणीही त्यात आलं.

नमुना द्यायची रीत

आमच्या अर्ध्या तपासण्या लॅबमध्ये यायच्या आधीच वाया गेलेल्या असत. दादाचा पहिला नमुनाही तसाच गेला: सकाळी सहाचा, डबी खिडकीत, पुतण्या ऑफिसला जाताना देऊन आला, कोणीतरी दुपारी पाहिला. एका खाजगी लॅबचा रिपोर्ट आला, ‘ओव्हा, सिस्ट नॉट सीन’, म्हणजे जंतांची अंडी किंवा कवचातले परजीवी (सिस्ट) दिसले नाहीत. मी फोन केला तर मुलगा म्हणाला, ‘कंई नथी, मासी.’ त्याची चूक नव्हती. त्याला दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जिआर्डिया रोज सारखा बाहेर पडत नाही. आज शेकड्यांनी, परवा एकही नाही. म्हणून एक नमुना म्हणजे नमुनाच नव्हे. तीन द्यायचे, वेगवेगळ्या दिवशी, एकआड एक दिवस दिलात तर उत्तम. सगळे दहा दिवसांच्या आत. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या, नाहीतर लॅबवाले एकावर भागवतात.

डबी रुंद तोंडाची, कोरडी आणि झाकणाची घ्या. संडासाच्या भांड्यातून उचलू नका. त्यात पाणी आणि लघवी मिसळते आणि जिवंत परजीवी मरतात. कमोड असेल तर सीटखाली स्वच्छ प्लास्टिक ताणून बसवा, भारतीय बैठक असेल तर जुनं पसरट भांडं ठेवा. उठता न येणाऱ्या रुग्णाचं बेडपॅन आधी कोरडं करून घ्या. चमचाभर पुरे, पण जिथे आव, रक्त किंवा सर्वांत पातळ भाग दिसेल तिथलं घ्या. डायपरमधून खरवडू नका, त्यातला कापूस पाणी शोषून घेतो.

नंतरचा खेळ वेळेचा. पाण्यासारखी पातळ शौच अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली गेली पाहिजे, मऊ असेल तर तासाभरात. घट्ट असेल तर थोडी सवड असते, ती थंड जागी ठेवता येते. याचा सरळ अर्थ असा की नमुना शक्यतो लॅबच्या जवळ जाऊन, किंवा केमोसाठी हॉस्पिटलात असाल त्या दिवशी तिथेच द्यावा. दादाला आम्ही रिक्षातून नेलं, दीड तास बसवलं. तो चिडला. पण नमुना गरम होता.

फार वेळ खोलीत पडलेल्या नमुन्यात आणखी एक फजिती होते: हुकवर्मची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि नवखा टेक्निशियन त्यांना दुसऱ्याच कृमीच्या अळ्या समजतो.

तपासणीच्या आधीचे दोन आठवडे अँटिबायोटिक किंवा जिआर्डिया-अमीबावर देतात ते मेट्रोनिडाझोल झालं असेल, तर ते चिठ्ठीवर लिहा. त्यानं परजीवी लपतात. एरंडेल, बेरियमचा एक्स-रे, काही अँटासिड यांनीही स्लाइड खराब होते. मात्र चालू औषध तपासणीसाठी मनानं बंद करायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच.

आम्ही काय करतो तेही सांगते, म्हणजे काय मागायचं ते कळेल. स्लाइडवर एका टोकाला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. दोन्हींत काडीच्या टोकाएवढी शौच कालवायची. थर इतका पातळ हवा की स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवली तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. ताज्या नमुन्यात जिआर्डिया दिसतो तो झाडावरचं पान गिरक्या घेत खाली यावं तसा तरंगत, पेअरच्या आकाराचा, आत डोळ्यांसारखी दोन केंद्रकं. जणू तोच आपल्याकडे बघतोय. लेवेनहूक यांनी १६८१ साली तो प्रथम पाहिला तोही स्वतःच्या बिघडलेल्या पोटाच्या नमुन्यात. माझं आपलं मत, संशोधक असावा तर असा.

या साध्या तपासणीला ‘स्टूल रुटीन’ म्हणतात. तिच्यासोबत ‘कॉन्सन्ट्रेशन मेथड’ मागा. त्यात शौच गाळून, फिरवून अंडी एकत्र केली जातात आणि थोडे जंत असले तरी सापडतात. आणि कॅन्सरच्या रुग्णासाठी ‘मॉडिफाइड अॅसिड-फास्ट’ रंगाची स्लाइड वेगळी मागा. क्रिप्टोस्पोरिडियमची अंडुकली फक्त ४ ते ६ मायक्रॉनची, साध्या स्लाइडवर ती यीस्टसारखी वाटून निसटतात; या रंगात लाल चमकतात. सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा यांचंही तेच. सांगितल्याशिवाय ही स्लाइड बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. ज्या लॅबमध्ये अँटिजेन किंवा पीसीआर, म्हणजे परजीवीची प्रथिनं किंवा डीएनए शोधणारी तपासणी, होते तिथे जिआर्डिया आणि अमीबा अधिक खात्रीनं पकडता येतात. अमीबाच्या बाबतीत तर ते महत्त्वाचंच, कारण रोग करणारा आणि निरुपद्रवी असे दोन अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली जुळे भाऊ दिसतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

‘नॉट सीन’ याचा अर्थ ‘दिसला नाही’, ‘नाही’ असा नव्हे. तिन्ही नमुने ताजे, रंगाची स्लाइडही झाली, तरी काही नाही, मग मात्र जंतांचा नाद सोडून डॉक्टरांसोबत दुसरं कारण शोधा. उलट ब्लास्टोसिस्टिस असं काही लिहून आलं तर घाबरू नका, तो पुष्कळ निरोगी माणसांतही असतो.

रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल नावाच्या पेशी बघा. मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर असतील तर कृमींची शंका बळावते. पण जिआर्डिया, अमीबा यांनी त्या वाढत नाहीत, आणि स्टेरॉइड चालू असेल तर कृमी असूनही दबून राहतात. लोहाचंही असंच. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन कॅन्सरच्या दाहात आपोआप वाढतं, त्यामुळे ते ‘नॉर्मल’ आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं समजू नका. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आहे का ते विचारा. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन कमी आलं की नातेवाईक अंडी वाढवतात, पण तेही दाहानं खाली येतं. पोषणाचा खरा हिशेब वहीत आणि काट्यावरच.

स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी

हा भाग छोटा आहे, पण जिवाशी गाठ आहे.

स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक कृमी अनवाणी पायांतून, ओल्या मातीतून शिरतो आणि शरीरातच पुन्हा पुन्हा स्वतःला वाढवत राहतो. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो कित्येक दशकांनंतरही सापडला. निरोगी माणसात तो गुपचूप राहतो. स्टेरॉइड मिळालं की उसळतो, अळ्या आतड्यातून फुप्फुसात आणि इतरत्र पसरतात, सोबत आतड्यातले जीवाणूही रक्तात नेतात. अशा वेळी माणूस हाती लागणं कठीण असतं. आणि स्टेरॉइड तर कॅन्सरमध्ये पदोपदी: उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाआधी तेच, लिम्फोमा आणि ल्युकेमियात प्रेडनिसोलोन.

तेव्हा पादरा, डभोई, छोटा उदेपूरकडे शेती असलेल्या, अनवाणी शेतात वावरलेल्या, इओसिनोफिल वाढलेल्या किंवा अंगावर सरकत जाणारे खाजरे वळ उठणाऱ्या माणसाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगा: ‘शेतात काम केलंय, स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी करायची का?’ शौचात तो बऱ्याचदा सापडत नाही, रक्ताची अँटिबॉडी तपासणी असते. वर्षाकाठी घेतलेली अल्बेंडाझोलची, म्हणजे नेहमीच्या जंताच्या औषधाची, एक गोळी त्याला पुरत नाही.

गोळी मेडिकलमधून आणू नका

आपल्याकडे जंताची गोळी म्हणजे लिमलेटची गोळी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात, ते योग्यच आहे. पण त्यावरून ‘दादालाही एक देऊन टाकू’ हा हिशेब कॅन्सरच्या घरात चुकतो. अल्बेंडाझोल पांढऱ्या पेशी कमी करू शकतं आणि यकृतावर ताण आणतं. केमोनं दोन्ही आधीच नाजूक असतात. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेलनं झटके येऊ शकतात. मेट्रोनिडाझोल आणि फाइव्ह-एफयू एकत्र आले तर फाइव्ह-एफयू शरीरात साठून त्याचं विष वाढतं. रक्त पातळ करायचं वॉरफरिन घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोलनं रक्तस्राव होऊ शकतो. सिस्टोआयसोस्पोरावर चालणारं कोट्रायमॉक्साझोल केमोतल्या मेथोट्रेक्सेटसोबत दिलं तर रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बसते.

म्हणून रिपोर्ट आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचा, घरच्या फॅमिली डॉक्टरांना नंतर. सोबत चालू औषधांची पूर्ण यादी न्यायची, आयुर्वेदिक काढ्यांसकट. जुलाब बंद करायची गोळीही विचारूनच. आव-रक्त किंवा ताप असताना ती घातक ठरते.

व्हॉट्सअॅपवर फिरतं ते वेगळंच. कुत्र्यांच्या जंतांचं फेनबेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन यांनी कॅन्सर बरा होतो म्हणे. आयव्हरमेक्टिन ज्या शोधातून आलं त्याला २०१५ चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते परजीवींवरच्या कामासाठी. माणसाचा कॅन्सर त्यानं बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. दादाच्या जंतांवर औषध दिलं ते जंतांसाठी. त्याचा शेक, केमो, पुढची तपासणी जशी ठरली तशीच चालू राहिली.

येण्याची वाट बंद करा

आजवा तलावाचं असो, मही नदीचं असो की बोअरचं, पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की हे सगळे परजीवी मरतात. क्लोरीन आणि ब्लीचिंग पावडर यांना क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाही, म्हणून ‘टाकीत पावडर टाकली’ यावर विसंबू नका. आरओ चांगलं, पण त्याचा फिल्टर वेळेवर बदलला आणि साठवणीची टाकी साफ असली तर. उपचार चालू आहेत तोवर आरओचंही उकळा. माठात पेला बुडवायचा नाही, डोयानं काढायचं, आणि डोया माठाच्या तोंडावर उपडा ठेवायचा, ओट्यावर नाही.

घरी वाटलेलं फीड दोन तासांत संपवा, उरलं तर टाका. मिक्सरच्या पात्याखालची रबराची रिंग काढून धुवा. तिथे काय काय सापडतं ते मी लिहीत नाही. कोथिंबीर, पालक, कोवळा हिरवा लसूण रुग्णाला शिजवूनच. खंडेराव मार्केटातून आणलेली भाजी कितीही ताजी दिसो. फळं सोलून खायची तीच: केळं, पपई, संत्रं. पाणीपुरी आणि बाहेरची चटणी उपचार संपेपर्यंत नाही, यावर आमच्याकडे सर्वांत जास्त भांडण झालं.

हात साबण-पाण्यानंच धुवा. सॅनिटायझरची बाटली या सिस्टवर फारशी चालत नाही. अंगणात, शेतात चप्पल. आणि घरातल्यांनाही विचारा. दादासोबत वहिनी आणि पोळ्या करायला येणाऱ्या बाई दोघींचे नमुने आम्ही दिले. बाईंच्या नमुन्यात जिआर्डिया निघाला. त्या कधीच आजारी नव्हत्या. त्यांना कामावरून काढायचा प्रश्नच नव्हता, औषध दिलं आणि बेसिनजवळ साबण ठेवला, जो आधी आमच्याकडेच नव्हता.

वजन परत चढवताना

औषध झालं की दुसऱ्या दिवसापासून तुपाचा मारा करू नका. आतड्याचं अस्तर सावरायला काही आठवडे लागतात. जिआर्डियानंतर दूध पचवणारा रस तात्पुरता कमी झालेला असतो. दादाचं दूध आम्ही तीन आठवडे बंद केलं आणि प्रोटीन पावडर दुधाऐवजी मुगाच्या वरणाच्या पाण्यात कालवली. पोट डब्ब होणं आठवड्यात थांबलं. तूप आधी अर्धा चमचा, मग हळूहळू. पांढऱ्या पेशी कमी असताना दही-ताक चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

साधारण हिशेब असा: किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन. ५३ किलोच्या दादाला म्हणजे १,३०० ते १,६०० कॅलरी आणि ५३ ते ८० ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात ६ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मूठभर दाण्यांत सात-आठ. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात. आणि जो माणूस कित्येक दिवस जवळपास उपाशी राहिलाय त्याला एकदम भरपूर देऊ नका. रक्तातले क्षार झपाट्यानं कोसळतात आणि हृदयावर बेततं. अशा रुग्णाचा आहार हॉस्पिटलच्या देखरेखीखालीच वाढवायचा.

जुलाब चालू असेपर्यंत ओआरएस. साखर-मीठ अंदाजानं घालू नका, पाकीट आणा, एक पाकीट म्हणजे लिहिलेलं तेवढंच पाणी.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, पोट फुगून दगडासारखं, दम लागणं, बोलण्यात असंबद्धपणा: यातलं एकही झालं तर लॅबची वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल. केमोवरच्या माणसाचा ताप रात्री दोनलाही उद्यावर ढकलायचा नसतो.

औषध संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या, तीच तीन दिवसांची रीत. दादाचा जानेवारीत दिला. तोवर वजन ५५ झालं होतं, मार्चअखेर ५६.५. पुढे ते तिथेच रेंगाळलं. शेकानं आणि आजारानं जे नेलं त्यातलं सगळं परत आलं नाही. नळी फेब्रुवारीत निघाली. वहिनींनी ती ५० मिलिलिटरची सिरिंज धुऊन ठेवून दिली आहे, आणि उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यावर अजून चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘धुवायचंसुद्धा हेच’.